गोणपाट म्हणजे नक्की काय? तांदळाच्या साध्या पोत्यामागचं तंत्रज्ञान

नवा फोन घेताना आपण हमखास विचारतो, वॉटरप्रूफ आहे का? आयपी ६७ की आयपी ६८? पण पाणी आत येऊ न देणं ही एक गोष्ट झाली आणि आतली वाफ बाहेर जाऊ देणं ही दुसरी. या दोन्हींतला फरक मला फोनने नाही, भाताच्या पोत्याने शिकवला. तोही चांगला दणका देऊन.

आमचं घर खारेपाटणला. मुंबई-गोवा महामार्गावर, कणकवली तालुक्याच्या उत्तर टोकाला, शुकनदीच्या काठावर. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि लक्षात आलं की गोणपाटाची पोती कमी पडतायत. मी हुशारी केली. आतून पातळ अस्तर लावलेल्या पाच-सहा चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्या घरात पडून होत्या. त्यात उरलेलं भात भरलं, तोंडं घट्ट बांधली. आजी ओटीवरून बघत होती. म्हणाली, "अरे बाबू, ह्येच्यात भात घुसमाटतला." मी हसलो. भात काय श्वास घेतं?

फेब्रुवारीत पिशव्या उघडल्या तेव्हा आधी आला तो कुबट वास. हात घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे झालेले, कडेला हिरवट-काळी बुरशी. त्याच दिवशी, त्याच खळ्यातून गोणपाटात भरलेलं भात मात्र कोरडं खडखडीत होतं. पाच पिशव्या भात वाया गेलं. कोंबड्यांनाही घालता येईना, कारण बुरशी लागलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात आणि ती धुऊन किंवा शिजवून जात नाहीत.

तेव्हापासून मी गोणपाटाकडे जरा आदराने बघायला लागलो. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

गोण, गोणपाट, पोतं, बारदान

आधी शब्द बघू, कारण त्यातच अर्धी माहिती आहे. गोणी हा शब्द भलताच जुना आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायातल्या एका सूत्रात तो येतो, तेव्हाही अर्थ हाच, धान्य भरून ठेवायचं साधन. आपल्याकडे बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबकळणारी जी जाड थैली टाकत, ती गोण किंवा गोणी. गोणीसाठी वापरायचं कापड, म्हणजे पट, ते गोणपाट. हाच गोणी शब्द युरोपीय व्यापाऱ्यांनी उचलला आणि इंग्रजीत त्याचं 'गनी' झालं. म्हणजे 'गनी बॅग' म्हणताना आपण आपलाच शब्द फिरून आलेला वापरतो.

पोतं म्हणजे त्या कापडाची शिवलेली पिशवी. तरट म्हणजे जाडंभरडं कापड, शाळेत पूर्वी पोरं बसायची ते. आणि बाजारात ऐकू येतो तो बारदान शब्द फारसीतून आला. बार म्हणजे ओझं, आणि दान म्हणजे ठेवायची जागा, अत्तरदाणीतल्या दाणीसारखं. व्यापाऱ्याच्या तोंडी बारदान म्हणजे मालाचं वेष्टन, मग ते तागाचं असो की प्लास्टिकचं.

खारेपाटणला गोणीचं नातं जुनं असणार हे नकाशा बघितला की कळतं. विजयदुर्गला समुद्राला मिळणारी वाघोटन खाडी आत आत येत इथवर पोचते. भरतीच्या पाण्यावर होड्या वर यायच्या, इथे माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. हे बंदर किती जुनं? इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे, आणि त्यात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजावर किती सोनं घ्यायचं ते लिहिलंय! जहाजात माल सुटा भरता येतो, पण बैलावर तो गोणीतच चढतो. आता खाडी गाळाने भरली, बैल गेले, महामार्ग आला. गोणी तेवढी राहिली.

पण ताग म्हणजे कुठला ताग?

इथे एक मोठा घोळ आहे. तो बहुतेकांना माहीत नसतो.

शाळेच्या भूगोलात आपण वाचतो की पश्चिम बंगालमध्ये ताग पिकतो. आणि आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, "औंदा हिरवळीच्या खताला ताग पेरलाय." ही दोन वेगळी झाडं आहेत! शेतात गाडायला पेरतो तो पिवळ्या फुलांचा ताग, त्याला बोरू असंही म्हणतात, तो शेंगवर्गीय आहे. बंगालचं झाड वेगळ्याच कुळातलं. ते भेंडीच्या नात्यातलं आहे, बंगालीत त्याला 'पाट' म्हणतात आणि इंग्रजीत ज्यूट.

जुन्या काळी आपल्याकडच्या गोण्या आणि दोर या बोरूच्या ताग आणि अंबाडीपासून हाताने बनत. अंबाडीची भाजी आपण खातो, तिच्या भाईबंदाच्या सालीपासून दोर वळत. कोकणात तर नारळाचा काथ्या घरचाच, त्यामुळे सुंभ काथ्याचं. आज दुकानात मिळणारं गोणपाट मात्र जवळपास नेहमी बंगालच्या ज्यूटचं असतं. शब्द आपला, धागा बंगालचा. हा बदल कसा झाला ते पुढे येतंच. पुढे मी 'ताग' म्हणेन तेव्हा तो बंगालचा समजा.

झाडापासून धाग्यापर्यंत

तागाचं झाड चार महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंचीचं होतं. फुलोऱ्याच्या सुमाराला ते कापतात, मोळ्या बांधतात आणि तळ्याच्या किंवा ओढ्याच्या संथ पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवतात. का? धागा सालीत असतो आणि तो पेक्टिन नावाच्या नैसर्गिक डिंकाने खोडाला चिकटलेला असतो. पाण्यातले जिवाणू हा डिंक खातात. दिवस कमी पडले तर साल सुटत नाही, जास्त झाले तर धागाच कुजतो. योग्य दिवस ओळखणं हे अनुभवाचं काम. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माणसं हाताने साल ओढून धागा वेगळा करतात, धुतात, बांबूवर वाळत घालतात. शंभर किलो हिरव्या झाडातून साधारण पाच-सहा किलो धागा हातात येतो.

हा धागा कापसासारखा नुसता सेल्युलोजचा नाही. त्यात साधारण दहा-बारा टक्के लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य. गोणपाट खरखरीत का, उन्हात पिवळं-तपकिरी का पडतं, याचं उत्तर या लिग्निनमध्ये आहे. अंगाला टोचणारं हे कापड कुणी शर्टासाठी घेतलं नाही, यात नवल नाही.

व्हेल माशाचं तेल आणि पोत्याचा वास

नव्या पोत्याला एक विशिष्ट वास येतो. थोडा रॉकेलसारखा, थोडा मातकट. तो तागाचा नसतो, तेलाचा असतो. आणि त्या तेलाची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी तागाचे नमुने इंग्लंडला पाठवले. तिकडे जवस-तागाचं कापड विणणाऱ्या गिरण्या होत्या, पण हा कोरडा, कडक धागा यंत्रात घातला की तुटायचा. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात दोन धंदे शेजारी शेजारी चालायचे, कापड विणायचा आणि व्हेल मारायचा. १८३० च्या दशकात तिथल्या लोकांना कळलं की व्हेलचं तेल आणि पाणी शिंपडून धागा मुरवला तर तो मऊ होतो आणि यंत्रात टिकतो. झालं, डंडी तागाची राजधानी बनली. १८३८ मध्ये डच सरकारने जावाच्या कॉफीसाठी तागाची पोती चालतील असं ठरवलं. मग क्रिमियाच्या युद्धात रशियाचा जवस-ताग मिळेनासा झाला आणि मागणी आणखी वाढली.

गंमत बघा. तोवर बंगालातले विणकर हातमागावर गोणपाट विणून जगभर पाठवतच होते. त्यांचं काम यंत्राने मारलं आणि मग यंत्रच त्यांच्या दारात आलं. १८५५ मध्ये जॉर्ज अ‍ॅक्लंड यांनी बिश्वंभर सेन या बंगाली भांडवलदाराच्या पैशांवर हुगळीकाठी रिश्रा इथे पहिली तागगिरणी काढली, यंत्रं डंडीहून आणून. विसावं शतक उजाडेपर्यंत हुगळीकाठच्या गिरण्यांनी डंडीला मागे टाकलं होतं. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे रचलेली कोट्यवधी वाळूची पोती याच तागाची. आणि याच काळात मुंबईमार्गे कोकणातल्या बाजारांतही गिरणीचं स्वस्त पोतं आलं. बोरूचा ताग वळत बसायचं मग कुणाला?

१९४७ ला फाळणी झाली तेव्हा गिरण्या भारतात राहिल्या आणि तागाची उत्तम शेतं पूर्व पाकिस्तानात गेली. एका पोत्याचे असे दोन देश झाले. आजही जगातला बहुतेक सगळा ताग भारत आणि बांगलादेश हे दोनच देश पिकवतात.

व्हेलच्या तेलाची जागा पुढे खनिज तेलाने घेतली. तोच आपल्याला येणारा वास. धान्य, कडधान्य यांना फार फरक पडत नाही, कारण ती आपण धुऊन-पाखडून घेतो. पण कॉफी आणि कोको वास पटकन शोषून घेतात. म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय ताग संघटनेने खाद्यपदार्थांच्या पोत्यांसाठी वेगळं मानक केलं. अशा पोत्यांत खनिज तेलाऐवजी तांदळाच्या कोंड्याचं वगैरे वनस्पती तेल वापरतात. बाजारात ती 'फूड ग्रेड' म्हणून मिळतात. घरात सोललेले काजूगर किंवा मसाला ठेवायचा असेल तर हा फरक लक्षात घ्या.

आता फोन काढा

कॅमेऱ्यात मॅक्रो मोड असेल तर घरातल्या पोत्याचा अगदी जवळून फोटो घ्या. नसेल तर साधा फोटो काढून झूम करा. दोन प्रकार दिसतील. एकात आडवा धागा उभ्या धाग्याच्या एकदा वरून, एकदा खालून जातो, चटईसारखा. ही साधी वीण, याला हेसियन म्हणतात. दुसऱ्यात तिरप्या रेघा दिसतात, जीन्सच्या पँटवर असतात तशा. ही ट्विल वीण. यात धागे जास्त दाटीने बसतात, कापड जाड आणि मजबूत होतं. रेशन दुकानात येणारी धान्याची पोती बहुतेक या दुसऱ्या प्रकारची असतात, 'बी-ट्विल' नावाची.

ट्विल असो की साधी, दोन धाग्यांमध्ये फटी राहतातच. हमाल पोतं उचलायला लोखंडी आकडा लावतो, व्यापारी टोकदार पोकळ नळी खुपसून आतला माल बघतो. गोणपाटात धागे बाजूला सरकतात आणि आकडा काढला की बऱ्यापैकी परत जागेवर येतात. प्लास्टिकच्या पोत्यात हेच केलं तर पट्टी तुटते आणि भोक मोठं होत जातं. शिवाय गोणपाट खरखरीत, त्यामुळे थप्पी उंच लावली तरी पोती घसरत नाहीत. ज्या खरखरीतपणाला आपण नावं ठेवतो, तो गोदामात कामाला येतो.

भात खरंच घुसमटतं का?

आजीच्या वाक्याकडे परत येऊ. दाणा जिवंत असतो. तो अगदी हळू का होईना श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड, उष्णता व पाण्याची वाफ सोडतो. दाण्यात ओल जितकी जास्त तितकं हे जोरात चालतं. भात सुरक्षित साठवायला त्यातली ओल साधारण १४ टक्के किंवा कमी हवी. माझं भात बहुतेक त्याच्या वर होतं, कारण दोन उन्हं कमी दिली होती.

अशा भाताची वाफ बंद प्लास्टिकमध्ये कुठे जाणार? दिवसा पिशवी तापते, हवेत वाफ जमते. रात्री पिशवीची बाहेरची बाजू थंड होते आणि आतून थेंब धरतात, थंड पाण्याच्या बाटलीला बाहेरून धरतात तसे. कडेचे दाणे भिजतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. माझ्या पिशव्यांत बुरशी कडेला का होती, ते आता कळलं ना?

गोणपाटात दोन गोष्टी होतात. एक, फटींतून हवा खेळते. दोन, धागा स्वतः वाफ पितो. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना शंभर ग्रॅम कोरडा ताग तेरा-एक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. कापूस सात-आठ ग्रॅम धरतो. प्लास्टिकच्या पोत्यातलं पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. म्हणजे गोणपाट आतली वाफ शोषतं आणि बाहेरच्या कोरड्या हवेला देऊन टाकतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे हवा बऱ्यापैकी कोरडी असते, त्यामुळे गोणपाटातलं भात पोत्यातच राहून आणखी वाळलं.

पण थांबा, लगेच गोणपाटाचा जयजयकार नको. हाच गुण पावसात उलटतो. जून ते सप्टेंबर आमच्या हवेत इतकी ओल असते की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. तेव्हा गोणपाट बाहेरची ओल आत नेतं. जमिनीला टेकलेलं असेल तर खालून पाणीही ओढतं. सोंडकिड्याला तर फटी म्हणजे उघडं दारच. शुकनदीला पूर येऊन खारेपाटणच्या बाजारात पाणी शिरतं, तेव्हा खालच्या थरातलं गोणपाट काही क्षणात चिंब होतं. म्हणून तर आपल्याकडे पावसाळ्यासाठी वेगळी सोय होती. शेणाने लिंपलेली बांबूची कणगी, किंवा पेंढ्यात गच्च बांधलेला भाताचा मुडा. लिंपण म्हणजे एका अर्थी जुन्या काळचं अस्तरच.

आजची त्याच्या जवळची गोष्ट म्हणजे हवाबंद पिशवी. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने अशी 'सुपर बॅग' लोकप्रिय केली. ही पिशवी आत, त्यात भात, आणि बाहेरून मार सोसायला गोणपाट. आतला ऑक्सिजन किडेच वापरून संपवतात आणि मरतात. "मग तू प्लास्टिकमध्ये भरलंस ते का बिघडलं?" असं तुम्ही विचाराल. कारण हवाबंद पिशवीत भरायचं भात आधी नीट वाळलेलं लागतं. ओलं भात कशातही बंद केलं तरी नासणारच.

काजूचंही तसंच. बी नीट उन्हात वाळवून, नख रुतत नाही अशी कडक झाली की गोणपाटात भरतात. सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतून येणारी बी साधारण ८० किलोच्या तागाच्या पोत्यांत येते. पोतं आफ्रिकेत भरलेलं, पण त्याचा ताग बहुधा बंगालच्याच मातीतला.

मग प्लास्टिकने गोणपाटाला संपवलं कसं नाही?

पॉलिप्रॉपिलीन १९५४ मध्ये इटलीतल्या जुलिओ नाट्टा यांच्या प्रयोगशाळेत नीट आकाराला आलं. त्यांना १९६३ चं नोबेल कार्ल झिगलर यांच्याबरोबर मिळालं. या प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून केलेलं पोतं हलकं, स्वस्त आणि न कुजणारं. पन्नास किलोच्या गोणपाटाच्या पोत्याचं प्रमाणित वजन ५८० ग्रॅम, प्लास्टिकचं त्याच्या पाव भागाच्या आसपास. निव्वळ बाजारावर सोडलं असतं तर गोणपाट कधीच दिसेनासं झालं असतं.

ते टिकलं कायद्याने. १९८७ मध्ये संसदेने ताग वेष्टन सक्तीचा कायदा केला. सुरुवातीला त्यात सिमेंट आणि खतंही होती. सिमेंटवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९६ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण पुढे सरकारनेच सिमेंट आणि खत वगळलं. माझ्या मते ते बरोबरच झालं. फटींतून सिमेंटची धूळ बाहेर आणि ओल आत, हा काही शहाणपणा नव्हता. आता सक्ती उरलीय ती धान्यासाठी शंभर टक्के आणि साखरेसाठी वीस टक्के. सरकारी आकड्यांप्रमाणे यावर सुमारे ४० लाख शेतकरी कुटुंबं आणि पावणेचार लाखांच्या आसपास गिरणी कामगार अवलंबून आहेत. २०२० च्या टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या, पोती कमी पडली आणि सरकारला काही काळ धान्यासाठी प्लास्टिकला परवानगी द्यावी लागली. आपल्या रेशनच्या गव्हाचा प्रवास हुगळीकाठच्या गिरणीवर किती टेकलेला आहे, ते तेव्हा दिसलं.

यात ग्राहकाने लक्ष ठेवायची एक गोष्ट. पन्नास किलो म्हणजे आतला माल पन्नास किलो, पोतं सोडून. अर्ध्या किलोहून जास्त वजन बारदानाचं असतं, आणि पावसात ओल पिऊन ते आणखी वाढतं. पूर्ण पोतं विकत घेताना बारदान वजा केलंय का, हे विचारायला लाजू नका.

पोतं रिकामं झाल्यावर

खरं तर गोणपाटाचं आयुष्य इथून सुरू होतं. पूर्वी पावसात लावणीला जाताना पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचून टोकदार खोळ करायचे आणि डोक्यावरून पाठीवर सोडायचे. पहिली सर ती अडवायची, मग भिजून जड व्हायची, पण ऊब देत राहायची. पानांचं इरलं जास्त कोरडं ठेवायचं, खोळ मात्र फुकट मिळायची. आता शेतात सगळीकडे प्लास्टिकच दिसतं.

महामार्गाचं चौपदरीकरण चाललं होतं तेव्हा नव्या खांबांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं तुम्ही पाहिलं असेल. सिमेंट घट्ट होताना त्याला पाणी लागतं, ते उडून गेलं तर तडे जातात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओलं ठेवावं असं भारतीय मानक सांगतं. पाणी पिऊन धरून ठेवणारं इतकं स्वस्त कापड दुसरं नाही. मासळी बाजारात बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट असतं, कारण धाग्यांत अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. आंब्याच्या कलमाचा मुळांचा गोळा गोणपाटात बांधून तसाच खड्ड्यात ठेवता येतो, कापड कुजतं आणि मुळं बाहेर येतात. आणि स्वयंपाकघरात लहान आग लागली तर ओलं गोणपाट टाकून हवा तोडायची, हे तर प्रत्येक गॅसवाला सांगतो.

जिथे गोणपाट चालत नाही तिथलीही गोष्ट सांगायला हवी. पाऊस संपला की आमच्याकडे ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात, श्रमदानाने. रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून रचायची आणि पाणी अडवायचं. त्याला सिमेंटची रिकामी प्लास्टिकची पोतीच लागतात, कारण सतत पाण्यात राहिलं तर गोणपाट काही महिन्यांत कुजतं. फक्त पावसाआधी ती पोती काढून घ्यायला हवीत. उन्हाने पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होतं, त्याचे तुकडे होतात आणि ते ओढ्यातून खाडीत जातात. कुजलेलं गोणपाट निदान माती होतं.

पोतं घेताना काय बघायचं?

वापरलेलं पोतं घेत असाल तर आधी वास घ्या. खत किंवा कीटकनाशकाचा जरा जरी वास आला तर खायच्या वस्तूंसाठी ते नको, कितीही धुतलं तरी नको. मग उजेडासमोर धरा. फटी सारख्या दिसायला हव्यात, एखाद्या ठिकाणी धागे विरळ असतील तर तिथून ते फाटणार. कडेची शिवण दोन्ही हातांनी ओढून बघा. तुटली असेल तर दाभण आणि सुतळी घेऊन पाच मिनिटांत शिवता येते, त्यासाठी पोतं टाकू नका.

नव्या पोत्यावर आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्याजवळ मानकाचा क्रमांक आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवर 'बीआयएस केअर' अ‍ॅप घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना खरा आहे की नाही ते कळतं. तागाचं शेत कसं असतं याची उत्सुकता असेल तर भारतीय ताग महामंडळाचं 'पाट-मित्रो' अ‍ॅप बघा. ते बंगाल-आसामकडच्या शेतकऱ्यांसाठी आहे, पण हमीभाव, धाग्याची प्रतवारी, लागवडीची माहिती सगळी त्यात आहे.

साठवणुकीचं म्हणाल तर आमच्या घरी आता असं चालतं. भाताला पुरती उन्हं दिल्याशिवाय भरत नाही. दाणा दाताखाली घेतला की कट्कन तुटला पाहिजे, ही आजीची चाचणी अजून चालते. गोणपाट आधी दिवसभर कडक उन्हात उलटसुलट वाळवतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. मे महिन्यात सगळं भात एकदा बाहेर काढून पुन्हा वाळवायचं, आणि पावसाळ्यापुरतं हवाबंद पिशवीत भरून ती पिशवी त्याच गोणपाटात उभी करायची. त्या पाच चकचकीत पिशव्या मी माळ्यावर ठेवल्यात. सुकी लाकडं भरायला बऱ्या पडतात.